टीचरच्या हातात द्यायचा एक कागद

बाबू पहिलीत गेला तेव्हा मी शाळेत चौदा पानं नेऊन दिली होती. सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे काय, जनुक कुठलं, फुप्फुसात काय होतं, स्वादुपिंडात काय होतं, सगळं छापून, टाचून. मुख्याध्यापकांनी ती पानं आदराने घेतली आणि कपाटात ठेवली. पाचक कॅप्सूलची बाटलीही त्याच कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. चौथ्या दिवशी ते मीटिंगला गेले, किल्ली त्यांच्या खिशात. मधल्या सुट्टीत भाजी-पाव आला, बाबूने चार पोरांसारखा खाल्ला, कॅप्सूल काही मिळाली नाही. शाळा सुटल्यावर घरी येताना वाटेतच त्याची चड्डी खराब झाली. दोन मोठ्या मुलांनी पाहिलं. पुढचे तीन दिवस त्याने शाळेचं नाव काढू दिलं नाही. आणि ती भाजी माझ्याच हातची होती. त्या शाळेचा माध्यान्ह आहार आमचा बचतगट करतो.

तेव्हापासून मी शाळेला आजार समजावायचं सोडलं. कामं सांगते. एका कागदावर मावतील एवढीच. बाबू आता अकरा वर्षांचा आहे, सहावीत. दर वर्षी टीचर बदलतात, दर वर्षी मी तो कागद नव्याने लिहून थेट वर्गशिक्षिकेच्या हातात देते. तो कसा लिहायचा आणि त्यामागे घरी काय काय करावं लागतं, ते इथे सांगते. औषधांचे डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे; माझ्या पोराचे आकडे तुमच्या पोराला लावू नका.

निदान नुकतंच झालेल्यांसाठी थोडक्यात. सीएफटीआर नावाच्या जनुकाची बिघडलेली प्रत आई आणि बाबा दोघांकडून आली तरच हा आजार होतो. आईबाबा स्वतः धडधाकट असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार असण्याची शक्यता चारात एक. (आमच्याकडे आधी सगळी बोटं माझ्याकडे होती. रिपोर्टने ती दोघांत वाटली.) पेशींमधून मीठ-पाण्याची ये-जा नीट होत नाही, म्हणून शरीरातला चिकट स्राव डिंकासारखा घट्ट होतो. फुप्फुसात तो साचतो आणि त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नळ्या त्याने बुजतात, मग पाचक रस अन्नापर्यंत पोचत नाही. आणि घामातून मीठ वाहून जातं. हा आजार लागट नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही, एवढं वाक्य तेवढं पाठ करून ठेवा, शंभरदा म्हणावं लागेल.

बाबूचा खोकला आणि न वाढणारं वजन बघून एका डॉक्टरांनी त्याला सहा महिने क्षयाची औषधं दिली. आपल्याकडे हे पुष्कळांच्या बाबतीत होतं. खूण पहिल्यांदा सापडली ती माझ्या सासूबाईंना. आमचं घर गोव्यात, पेडण्यात आगरवाड्याच्या बाजूला, त्यांचा जन्म मिठागरात गेला. मे महिन्यात ओसरीवर झोपलेल्या पोराच्या कपाळावरून त्यांनी बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "अगो, ह्याच्या कपाळावर आगर पिकलंय!" केसांच्या मुळाशी खरंच पांढरी पूड होती. हेच मी नव्या डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी घामाची तपासणी लिहून दिली. थिवीहून कोकणकन्या गाडीने मुंबई गाठली. हातावर औषध लावून, हलका विद्युतप्रवाह देऊन घाम आणतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. सुई नाही, दुखत नाही. ६० किंवा त्याहून जास्त आलं तर आजार असल्याचं धरतात आणि पुन्हा तपासून पक्कं करतात. बाबूचं ९८ आलं. त्याच वेळी जनुकाची तपासणीही करून घ्या. युरोपात बहुतेक रुग्णांत जो बदल सापडतो तो आपल्याकडे त्या मानाने कमी आढळतो, आणि नवी औषधं कुठला बदल आहे त्यावरच चालतात.

आता तो कागद. यंदाचा जवळजवळ जसाच्या तसा उतरवते:

"टीचर, नमस्कार. बाबूला जन्मापासूनचा आजार आहे, लागट नाही. त्याचा खोकला थांबवू नका; खोकायला बाहेर जायचं असेल तर जाऊ द्या. खाण्याआधी त्याने कॅप्सूल घेतली का एवढं विचारा, द्यायला लागत नाही, तो घेतो. शौचालयाला जाताना त्याने परवानगी मागायची नाही, हात वर करून निघायचं, असं आमचं ठरलंय. बाटलीतलं पाणी मिठाचं आहे, ओतून टाकू नका. उन्हात खेळल्यावर पिऊ द्या. त्याला खेळू द्या. वर्गात कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याची जागा लांब करा. तो सुस्त पडला, डोकं दुखतंय म्हणाला, पोटऱ्यांत गोळे आले किंवा उलटी झाली तर मला लगेच फोन करा, मी शाळेच्या मागेच असते."

एवढंच. खाली दोन फोन नंबर. मागच्या बाजूला डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी चिकटवलेली. टीचरना जास्त जाणून घ्यायचं असेल तर त्या विचारतात, तेव्हा सांगायचं.

कॅप्सूलचं जरा सविस्तर सांगते, कारण गोंधळ इथेच होतो. आत बारीक दाणे असतात, त्यांच्यावर आवरण असतं, ते पोटातल्या आम्लात टिकून पुढे आतड्यात विरघळतं. म्हणून चावायची नाही. लहान मुलाला गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात घालायचे, लगेच भरवायचे, वर पाणी पाजायचं. दुधात किंवा गरम पेजेत घालायचे नाहीत. आवरण आधीच विरघळतं, औषध वाया जातं आणि तोंडात राहिलेल्या दाण्यांनी जीभ सोलवटते. बाबूच्या हिरडीला एकदा फोड आला तो असाच, एक दाणा गालात राहिला होता. कॅप्सूल खायला सुरुवात करतानाच घ्यायची. चवथीच्या पंगतीसारखं तासभर जेवण चालणार असेल तर निम्म्या आधी, निम्म्या मध्ये. नुसतं फळ किंवा सरबत असेल तर लागत नाही, पण तेल-तूप-दूध-मासे असलं की लागते. भाजी-पाव म्हणजे लागतेच, तेल किती घालतो ते मला माहीत आहे.

डोस वजनावर आणि जेवणातल्या चरबीवर ठरतो. दिवसाला दर किलो वजनामागे १०,००० लायपेज (चरबी पचवणारा पाचक घटक) युनिटच्या वर जायचं नाही ही मर्यादा मला पहिल्याच भेटीत सांगितली होती. २५ किलोच्या मुलाला म्हणजे दिवसभरात अडीच लाख, २५,००० च्या दहा कॅप्सूल. शी तेलकट, तरंगणारी, घाण वासाची होऊ लागली तर आपल्या मनाने कॅप्सूल वाढवू नका, चार दिवस खाल्लेलं आणि शीचं लिहून ठेवा आणि वही डॉक्टरांसमोर धरा. मी अशी वही ठेवते. कुणाला किळस येईल, डॉक्टर मात्र रिपोर्टच्या आधी तीच मागतात.

आणि बाटली कुलुपात नको. दुसरीपर्यंत ती टीचरच्या टेबलाच्या खणात असायची. चौथीपासून दिवसापुरत्या कॅप्सूल बाबूच्या कंपासपेटीत असतात, आणि जादाची छोटी डबी टीचरकडे. उन्हात तापणाऱ्या गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका, उष्णतेने त्या निकामी होतात.

खाण्याचं म्हणाल तर ह्या मुलांना इतरांपेक्षा बरंच जास्त खावं लागतं, कधी कधी दीडपट-दुप्पट. तूप, खोबरं, काजू, तळलेला बांगडा, अंडी. थोरली मुलगी म्हणते, "त्यालाच का तूप?" तिलाही घालते, थोडं कमी. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबर शोषली जातात, म्हणून ती वेगळी द्यावी लागतात, आणि कॅप्सूल असलेल्या जेवणाबरोबरच. दहा वर्षांनंतर दर वर्षी ग्लुकोज पाजून साखरेची तपासणी करायची, कारण स्वादुपिंड थकलं की मधुमेह येऊ शकतो. तो निघाला तरी खाणं कमी करू नका, शेजाऱ्यांचा सल्ला इथे चालत नाही.

मिठाच्या बाबतीत गोव्याचा उन्हाळा ह्या मुलांचा वैरी आहे. मार्च ते मे, आणि पुन्हा ऑक्टोबरात. सगळ्या जगाला मीठ कमी खा म्हणतात, ह्यांना जास्त. आपल्या पेजेने माझं काम फार सोपं केलंय: दहा वाजता उकड्या तांदळाची पेज, त्यात मीठ, बाजूला खारातलं तोर, म्हणजे मिठातली कैरी. शाळेसाठी ओआरएस. त्यात एक चूक मी वर्षभर केली. पाकीट एक लिटरचं आणि बाबूची बाटली पाऊण लिटरची, मी अंदाजाने पाकिटातलं थोडं मागे ठेवायची. कधी खारट, कधी पांचट. आता सकाळी पुरतं एक लिटर कालवते, त्यातून बाटली भरते, उरलेलं तो घरी आल्यावर पितो, रात्री राहिलेलं ओतते. दुकानात ओआरएसच्या शेजारी ठेवलेली गोड पेयं ओआरएस नसतात, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या.

सकाळ कशी जाते ते सांगते. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की नेब्युलायझर (औषधाची वाफ करणारं यंत्र) सुरू, हे आमचं घड्याळ. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, मग मिठाचं तीव्र द्रावण, मग छातीचा व्यायाम, आणि वाफेतून घ्यायचं अँटिबायोटिक चालू असेल तर ते सर्वांत शेवटी, छाती मोकळी झाल्यावर. हा क्रम उलटा केला तर औषध कफावरच बसतं. मिठाच्या द्रावणाची गोष्ट मला आवडते. ऑस्ट्रेलियात समुद्रात सर्फिंग करणाऱ्या रुग्णांची छाती बरी राहते हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं, त्यांनी अभ्यास केला आणि २००६ मध्ये तो छापून आला. आमच्या समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ, औषधाच्या द्रावणात ३ किंवा ७ टक्के. पण म्हणून घरी मीठ कालवून नेब्युलायझरमध्ये घालू नका, निर्जंतुक केलेलंच हवं. मोरजीला पोहायला मात्र मी त्याला खुशाल नेते.

व्यायामात तो खोल श्वास घेतो, दोन-तीन सेकंद धरतो आणि तोंड उघडं ठेवून 'हाऽऽ' करून सोडतो, आरशावर वाफ धरतो तसा. आरसाच दिला होता मी त्याला, पहिले दोन महिने. त्याआधी पिपाणी आणि साबणाचे फुगे. कफ वर आला की खोकून थुंकायचा, गिळायचा नाही, रंग बघायचा. सकाळी वीस-पंचवीस मिनिटं, संध्याकाळी तेवढीच. तान्ह्या बाळाला डोकं खाली करून थोपटायची जुनी पद्धत आता सांगत नाहीत, दूध उलटून छातीत जातं. फिजिओथेरपिस्टकडून नवी पद्धत प्रत्यक्ष शिकून घ्या, व्हिडिओ पाहून नको.

नेब्युलायझरची वाटी धुणं हे सगळ्यांत कंटाळवाणं काम आणि सगळ्यांत जास्त चुका तिथेच. प्रत्येक वेळी साबणाने धुवायची, दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळायची, त्यानंतर नळाखाली धरायची नाही. व्हिनेगरने भागत नाही. मग पूर्ण वाळवायची. आमच्याकडे जुलैत काय वाळतं? चादर चार दिवस वाळत नाही. म्हणून मी दोन वाट्या ठेवल्यात, एक वापरात, एक जाळीच्या झाकणाखाली, धुतलेल्या कोरड्या फडक्यावर, देवघराजवळ, जिथे चुलीची ऊब येते. ओलसर वाटी डब्यात बंद केली तर दुसऱ्या दिवशी आपण पोराला जंतूच पाजतो.

स्यूडोमोनास नावाचा जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात, मोरीत राहतो आणि ह्या मुलांच्या छातीत गेला की हटत नाही. म्हणून चिखलकाल्यात लोळणं नाही, सांजावला, म्हणजे जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाला, विहिरीत उडी नाही. बाबू दोन वर्षं ह्यावरून माझ्याशी भांडला. शेवटी आमचं असं ठरलं की सांजावला डोक्यावर फुलांची कोपेल घालायची, गावभर फिरायचं आणि बादलीतलं नळाचं पाणी अंगावर ओतून घ्यायचं. दिवाळीला नरकासुराचा पुतळा जाळताना धूर लागू नये म्हणून तो वाऱ्याच्या उलट बाजूला उभा राहतो. शाळेत गवत कापायचा, कुजलेला पाला उचलायचा दिवस असेल तर त्याला दुसरं काम द्यायला सांगा, बुरशीचाही त्रास असतो.

ह्या आजाराच्या दोन मुलांना एकत्र आणायचं नाही, निदान दोन मीटर अंतर. एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला मारक ठरतात. हे ऐकून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं होतं. आम्ही आया भेटतो, मुलं व्हिडिओ कॉलवर भेटतात. बाकी घरातल्या सगळ्यांनी दर वर्षी फ्लूची लस घ्यायची, मुलाची न्यूमोकोकलची राहिलीय का पाहायचं, दर तीन महिन्यांनी कफाची तपासणी. खोकला वाढला, कफाचा रंग बदलला, भूक गेली, वजन उतरलं, ह्यातलं काहीही दिसलं तर तीन महिन्यांची वाट बघत बसू नका.

मोठा त्रास कोविडनंतर झाला. एका शाळेत बदली टीचर आल्या, बाबू खोकला की त्याला घरी पाठवू लागल्या. आठवड्यात तीनदा. त्यांचीही चूक म्हणवत नाही, भीतीच तशी होती. मी भांडले नाही, वर्गात अर्धा तास मागितला. मुलांना साबणाच्या पाण्यातून स्ट्रॉने हवा फुंकायला लावली, मग त्याच स्ट्रॉने डिंक कालवलेल्या पाण्यातून. "बाबूच्या छातीत हे दुसरं पाणी आहे," एवढंच म्हटलं. टीचरनीही फुंकून पाहिलं. त्यानंतर तो खोकला की शेजारचा मुलगा न बघता रुमाल पुढे करतो.

शिरेतून अँटिबायोटिक देण्यासाठी दोन आठवडे भरती व्हावं लागतं, वर्षातून एकदा-दोनदा. तेव्हा हजेरीवरून घाबरू नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कुठल्याही मुलाचं नाव शाळेतून काढता येत नाही. डिस्चार्जचा कागद आणि अर्ज त्याच आठवड्यात द्या, पोचपावती घ्या. अभ्यासाला मी एक युक्ती केली: टीचरकडे न मागता, ज्या मुलीचं अक्षर चांगलं तिच्या आईकडून रोज संध्याकाळी वहीचे फोटो मागवते. गणित आणि भाषा रोज, बाकी नंतर. शिरेत सुई असताना उजवा हात मोकळा ठेवायला नर्सला आधीच सांगायचं. परीक्षेत पाण्याची बाटली, कॅप्सूल आणि शौचालयाला गेलेला वेळ भरून मिळावा, हे डॉक्टरांच्या पत्रासह परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी लिहून मागा, आदल्या दिवशी कुणाच्या हातात काही नसतं.

पैशांचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ह्या आजाराचं नाव नाही, हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाचं आहे. नुसत्या निदानावर दाखला मिळेल ह्या आशेने फेऱ्या मारू नका. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात मात्र हा आजार आहे. मदत मिळते ती ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत, आपल्याला जवळचं मुंबईचं केईएम. तिथे नोंदणी करून ठेवा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डावर काय बसतं ते भरती होण्याआधी खिडकीवर विचारून घ्या. अमेरिकेत २०१९ मध्ये तीन औषधांची जी एकत्र गोळी मंजूर झाली तिची किंमत आम्ही एकदाच विचारली.

राहिलं खेळ. पळणं हाही छातीचा व्यायामच आहे, हे पीटीच्या सरांना पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. ते इतके प्रेमळ की बाबू दमू नये म्हणून त्याला कायम गोलकीपर करायचे. यंदा कागद लिहायला बसले तर बाबू म्हणाला, मी लिहितो. माझाच मजकूर उतरवला, 'त्याला खेळू द्या' ह्या ओळीवर काट मारली आणि तिथे लिहिलं, 'मला गोलकीपर करू नका.' टीचरनी तो कागद सरांना दाखवला. सध्या तो लेफ्ट विंगला खेळतो आणि मिठाची बाटली मैदानावर विसरून येतो. ह्या महिन्यात तिसरी.